'द कॅचर इन द राय' या शीर्षकाचा अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जे. डी. सॅलिंजर यांची ही कादंबरी १६ जुलै १९५१ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ती हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी मुखपृष्ठावरच अडतो. पकडणारा कोण, तो कुणाला पकडतो, आणि न्यूयॉर्क शहरात घडणाऱ्या गोष्टीत शेत आलं कुठून? मराठी वाचकांकडून, त्यातही इंग्रजी साहित्य घेतलेल्या विद्यार्थ्यांकडून, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. पुढच्या उत्तरांत कादंबरीचा शेवट उघड केला आहे. पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर आधी ते वाचा आणि मग इकडे या.

शीर्षकाचा सरळ अर्थ काय?

रायच्या शेतात उभा राहून मुलांना धरणारा माणूस. होल्डन कॉलफील्ड हा सोळा वर्षांचा मुलगा नाताळच्या तोंडावर शाळेतून काढून टाकला गेला आहे. आईवडिलांना अजून पत्ता नाही. रात्री तो चोरपावलांनी स्वतःच्याच घरात शिरतो आणि दहा वर्षांच्या धाकट्या बहिणीला, फीबीला, उठवतो. ती त्याला चांगलंच फैलावर घेते आणि विचारते, तुला व्हायचंय तरी काय? तेव्हा तो सांगतो की त्याच्या डोळ्यांपुढे सारखं एक भलंमोठं शेत येतं. हजारो लहान मुलं त्यात खेळताहेत. मोठं माणूस एकही नाही, आहे तो फक्त हा. शेताच्या टोकाला एक खोल कडा आहे. मुलं धावण्याच्या नादात पुढे बघत नाहीत. कुणी कड्याकडे आलं की याने पुढे होऊन त्याला धरायचं. दिवसभर एवढंच काम. हे खुळ्यासारखं आहे हे त्याला कळतं, पण मनापासून व्हावंसं वाटतं ते एवढंच, असं तो म्हणतो.

फीबी बराच वेळ गप्प बसते. मग एवढंच बोलते की डॅडी तुला मारून टाकतील. वर्गात या वाक्यावर हशा पिकतो आणि तास पुढे सरकतो. मला मात्र हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. भाऊ हजारो मुलांना वाचवण्याच्या गोष्टी करतोय आणि बहिणीला दिसतंय की संकटात आहे तो हाच.

राय म्हणजे आपली राई, म्हणजे मोहरी का?

नाही. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य. पोलंड, जर्मनी, रशिया अशा थंड मुलखांत ते पिकतं. त्याचा काळसर पाव होतो, व्हिस्कीही होते. शीर्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याची उंची. हे पीक मोठ्या माणसाच्या छातीला, कधी डोक्यालाही लागतं. कणसं भरलेल्या ज्वारीत शिरलेलं पोर बांधावरून दिसत नाही आणि त्यालाही बांध दिसत नाही, तसंच इथे. म्हणून मुलांना कडा दिसत नाही. हरभऱ्याएवढ्या बुटक्या पिकात हे चित्र उभंच राहिलं नसतं.

आणि हो, कादंबरीभर प्रत्यक्षात रायचं शेत कुठेही नाही. होल्डन मॅनहॅटनमध्ये, सेंट्रल पार्कच्या जवळ वाढलेला मुलगा आहे. शेत आहे ते फक्त त्याच्या मनात.

हे शब्द कादंबरीत नेमके कुठे येतात?

एकूण २६ प्रकरणं आहेत. शीर्षकाचे शब्द येतात २२व्या प्रकरणात, वर सांगितलेल्या संवादात. पण त्यांचं बी पडतं १६व्या प्रकरणात, आणि तो परिच्छेद बहुतेक जण भरभर वाचून टाकतात.

रविवार आहे. होल्डन फीबीसाठी एक रेकॉर्ड शोधत ब्रॉडवेकडे निघाला आहे. त्याच्या पुढे चर्चमधून परतणारं एक कुटुंब चाललंय. आई, वडील आणि सहाएक वर्षांचा मुलगा. माणसं साधीच दिसतात. मुलगा फुटपाथवर नाही, खाली रस्त्यावर, अगदी कडेच्या दगडाला लागून चालतोय. सरळ रेषेत चालायचा खेळ त्याने मांडला आहे आणि तो स्वतःशी गाणं म्हणतोय. बाजूने गाड्या सुसाट जाताहेत, ब्रेक करकचताहेत, आईवडिलांचं त्याच्याकडे लक्ष नाही. होल्डन जवळ जाऊन गाणं ऐकतो. त्याला ऐकू येतं ते असं : कुणी कुणाला पकडलं, रायमधून येताना. ते ऐकून त्याचं खिन्न मन थोडं हलकं होतं.

शीर्षकातली सगळी सामग्री इथे हजर आहे. आपल्या नादात असलेलं मूल, एका पावलावरचा धोका, बेसावध मोठी माणसं आणि बघणारा होल्डन. फक्त एक गोष्ट घडत नाही. होल्डन त्या मुलाला ओढून फुटपाथवर घेत नाही. तो नुसता ऐकतो आणि त्याला बरं वाटतं. शेवटच्या भागात मेरी-गो-राउंडपाशी काय होतं ते समजून घ्यायला ही बारकाई लक्षात ठेवावी लागते.

मूळ गाणं कुणाचं आणि कशाबद्दल आहे?

स्कॉटलंडचे कवी रॉबर्ट बर्न्स (१७५९–१७९६) यांच्या नावावर असलेलं, लोकगीताच्या चालीवर गायलं जाणारं गाणं. जेनी नावाची मुलगी रायच्या शेतातून येते, तिचा घागरा भिजलेला आहे. पुढे प्रश्न येतो : शेतातून येताना कुणी कुणाला भेटलं, कुणी कुणाचा मुका घेतला, तर त्यात रडण्यासारखं काय, जगाला त्याचं काय? याची चावट रूपंही स्कॉटलंडमध्ये प्रचलित होती.

थोडक्यात, मूळ गाण्यातलं शेत तरण्याताठ्यांच्या चोरट्या भेटीचं आहे. होल्डनने त्याच शेतात लहान मुलं आणून सोडली आणि वयात येण्याची वाट कड्याने तोडून टाकली.

म्हणजे होल्डन गाणं चुकीचं म्हणतो. हे लेखकाने मुद्दाम केलंय का?

होय, आणि लेखक ही चूक लपवतही नाही. २२व्या प्रकरणात होल्डनने ओळ म्हणताच फीबी त्याला अडवते : ओळ अशी नाही, 'कुणी कुणाला भेटलं' अशी आहे, आणि ती रॉबर्ट बर्न्सची कविता आहे. होल्डन म्हणतो, बर्न्सची आहे हे मला माहीत आहे. मग आपल्याला, म्हणजे वाचकांना, कबूल करतो की तिचंच बरोबर होतं.

हा मुलगा चार विषयांत नापास झालेला असला तरी इंग्रजीत पास आहे, भरपूर वाचणारा आहे. तेव्हा ही अडाण्याची चूक नव्हे. त्याच्या कानाने त्याला हवं ते ऐकलं. रस्त्यावरच्या त्या मुलाने खरोखर 'पकडलं' म्हटलं होतं की होल्डनला तसं ऐकू आलं, हे कळायला काही मार्ग नाही, कारण ती सगळी हकिगतही होल्डनच सांगतोय.

आता कादंबरीत 'भेटणं' कसकसं येतं ते बघा. न्यूयॉर्कला उतरल्यावर तो आधी टेलिफोनच्या बूथमध्ये शिरतो. कुणाला तरी फोन करावा असं वाटतं, एकेक नाव आठवतो, एकेक खोडतो आणि वीसेक मिनिटांनी कुणालाही फोन न करता बाहेर येतो. जेन गॅलाघर ही त्याला मनापासून आवडणारी मुलगी. शाळेत ती खालच्याच मजल्यावर येऊन थांबलेली असते आणि हा तिला भेटायला जाऊ जाऊ म्हणत जात नाही. पुढे तिच्या घरी फोन लावतो, आईने उचलला म्हणून ठेवून देतो. सॅली या मैत्रिणीला भेटतो आणि भांडण करून बसतो. जुना मित्र लूस भेटतो, तो घाईने उठून जातो. ज्या १६व्या प्रकरणात ते गाणं आहे त्याच प्रकरणात होल्डन पार्कमध्ये एका छोट्या मुलीचे स्केट घट्ट करून देतो, तिला गरम चॉकलेट प्यायला चल म्हणतो. ती नको म्हणते, तिला मैत्रिणीला भेटायचं असतं. होल्डनला त्याचं फार कौतुक वाटतं : लहान मुलांना नेहमी कुणा ना कुणा मित्राला भेटायचंच असतं!

कुणाला भेटायचं तर समोरच्यापुढे स्वतःला थोडं उघडं करावं लागतं. पकडणाऱ्याला तसं काही करावं लागत नाही, तो कडेला एकटा उभा राहू शकतो. होल्डनने गाण्यातला नेमका तोच शब्द बदलला जो त्याला जगताना झेपत नाही, आणि त्याची चूक दुरुस्त करायला सॅलिंजर यांनी शिक्षक नाही आणला, दहा वर्षांची बहीण आणली. माझ्या मते शीर्षकाचं मर्म इथे आहे.

गाण्यात कडा नाही. मग होल्डनच्या चित्रात कडा कुठून आला?

खिडकीतून. शीर्षकावर लिहिलेल्या उत्तरांमध्ये हा दुवा फार वेळा सुटलेला दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्याच २२व्या प्रकरणात, शेताचं चित्र सांगण्याच्या थोडंच आधी, फीबी म्हणते, तुला आवडणारी एक तरी गोष्ट सांग. होल्डनला काही सुचत नाही. आठवतो तो जेम्स कॅसल, एल्कटन हिल्स या त्याच्या आधीच्या शाळेतला मुलगा. हडकुळा, मनगटं पेन्सिलीएवढी. त्याने फिल स्टेबाइल नावाच्या दांडगट मुलाला गर्विष्ठ म्हटलं. ते स्टेबाइलच्या कानावर गेलं. पाचसहा जणांना घेऊन तो कॅसलच्या खोलीत घुसला, दार लावून घेतलं आणि शब्द मागे घे म्हणून त्याचा छळ केला. कॅसलने शब्द मागे घेतले नाहीत. त्याने खिडकीतून उडी टाकली.

होल्डन त्या वेळी अंघोळ करत होता. काहीतरी पडल्याचा आवाज त्याने ऐकला. रेडिओ पडला असेल, नाहीतर टेबल, असं त्याला वाटलं. खाली गेला तर दगडी पायऱ्यांवर कॅसल पडलेला, आणि त्याच्या अंगात होल्डननेच उसना दिलेला स्वेटर. दोघांची म्हणावी अशी मैत्री नव्हती. हजेरीत कॅसलचं नाव होल्डनच्या लगेच आधी यायचं, एवढीच काय ती ओळख. त्या मुलांना शाळेतून काढलं, बाकी काही झालं नाही.

हे आठवून होल्डन फीबीला काहीच सांगत नाही. आणि पुढच्या दोनतीन पानांत तो कड्यावर उभा राहून पडणाऱ्या मुलांना धरण्याची गोष्ट सांगतो! हजेरीत ज्याच्या मागोमाग आपलं नाव, ज्याच्या अंगात आपला स्वेटर, तो पडला तेव्हा आपण भिंतीपलीकडे होतो. कड्याचं चित्र काव्यमय वाटतं खरं, पण त्याच्याखाली शाळेच्या दगडी पायऱ्या आहेत.

कडा म्हणजे निरागस बालपणातून मोठ्यांच्या खोट्या जगात पडणं, असंच आम्हाला शिकवलं आहे. ते चूक आहे का?

चूक नाही. त्याला भरपूर आधारही आहे. १६व्या प्रकरणातच होल्डन निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयाची आठवण सांगतो : काचेच्या कपाटांतला एस्किमो, हरणं, सगळं वर्षानुवर्षं जागच्या जागी, बदलता तो फक्त बघणारा. काही गोष्टी अशाच काचेत ठेवता आल्या पाहिजेत, असं त्याला वाटतं. मोठं होण्याची भीती तिथे उघड दिसते.

पण तेवढ्यावर थांबलं की उत्तर पोकळ राहतं. 'निरागसता' हा शब्द परीक्षेत इतका वापरला जातो की त्यामागे मेलेली दोन मुलं आहेत हे नजरेआड होतं. जेम्स कॅसल मोठा झाला नाही. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली मोठा झाला नाही. कड्यावरून पडणं म्हणजे होल्डनच्या लेखी आधी मरण आहे आणि मग मोठं होणं. त्याची गफलत अशी झाली आहे की दोन्ही त्याला एकच वाटू लागलं आहे.

ॲलीचा शीर्षकाशी काय संबंध?

ॲली १८ जुलै १९४६ रोजी ल्युकेमियाने गेला, अकरा वर्षांचा होता. होल्डन तेव्हा तेरा वर्षांचा. त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि त्याने हाताने सगळ्या काचा फोडल्या. त्या हाताची मूठ पुढेही कधी नीट वळली नाही.

ॲलीची त्याच्याकडे उरलेली वस्तू म्हणजे बेसबॉलचा हातमोजा, डावखुऱ्या खेळाडूचा. चेंडू आपल्याकडे येत नाही तोवर मैदानात उभ्या उभ्या वाचायला काहीतरी असावं, म्हणून ॲलीने त्याच्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पकडणाऱ्या खेळाडूला कॅचरच म्हणतात, हे अमेरिकन वाचकाला शीर्षक वाचताच आठवतं. ॲली स्वतः त्या जागेवर खेळत नव्हता, त्यामुळे हा धागा फार ताणू नये. तरी मैदान, पकडण्याचा मोजा आणि त्यावर कविता, हे सगळं ॲलीकडे आधीच होतं. होल्डनने मनातलं शेत त्यातूनच रचलं असं म्हणायला जागा आहे.

खरा पुरावा २५व्या प्रकरणात मिळतो. होल्डन फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालतोय. प्रत्येक गल्लीच्या टोकाशी फुटपाथवरून पाय खाली टाकताना त्याला वाटतं की आपण पलीकडे पोचणारच नाही, खाली खाली जात राहू आणि कुणालाही पुन्हा दिसणार नाही. त्याला दरदरून घाम फुटतो. तो ॲलीशी बोलू लागतो : ॲली, मला नाहीसा होऊ देऊ नकोस. पलीकडे पोचला की त्याचे आभार मानतो.

कडा म्हणजे आता फुटपाथची कड झाली आहे. तो सहा वर्षांचा मुलगा गाणं म्हणत ज्या कडेने निर्धास्त चालला होता, ती ओलांडणं या सोळा वर्षांच्या मुलाला अवघड झालं आहे. जो कॅचर व्हायला निघाला तोच पडतोय आणि त्याने मदतीला बोलावलेला कॅचर आहे मेलेला धाकटा भाऊ. ही दोन पानं वाचली की शीर्षकाकडे पुन्हा पहिल्यासारखं बघता येत नाही.

सेंट्रल पार्कमधली बदकं आणि शीर्षक, काही संबंध आहे का?

आहे. तळं गोठल्यावर बदकं कुठे जातात, कुणी ट्रक घेऊन येतं का त्यांना न्यायला, हे तो टॅक्सीवाल्यांना विचारतो. म्हणजे त्यांना सांभाळणारं कुणी आहे का, हाच प्रश्न. पुढे रात्री तो स्वतः तळ्याकाठी बदकं शोधत फिरतो आणि पाण्यात पडता पडता वाचतो. बदक एकही दिसत नाही.

होल्डन खरोखर कुणाला वाचवतो का?

प्रयत्न करतो. फीबीच्या शाळेच्या भिंतीवर कुणीतरी घाणेरडी शिवी लिहिलेली त्याला दिसते. लहान मुलं ती वाचतील, मग एखादं पोर त्यांना अर्थ सांगेल, या विचाराने तो कासावीस होतो आणि हाताने ती पुसून काढतो. दुसऱ्या जिन्यावर तीच शिवी, चाकूने कोरलेली. ती पुसली जात नाही. तेव्हा त्याच्या मनात येतं की दहा लाख वर्षं मिळाली तरी जगातल्या अशा शिव्यांपैकी निम्म्याही पुसून होणार नाहीत. तेव्हा त्याच्या मनात येतं की दहा लाख वर्षं मिळाली तरी जगातल्या अशा शिव्यांपैकी निम्म्याही पुसून होणार नाहीत.

कॅचरचं काम होण्यासारखं नाही हे त्याला कळतं ते इथे. कुणी उपदेश केला म्हणून नाही, हाताने घासूनही अक्षरं गेली नाहीत म्हणून.

अँटोलिनी सरांचं काय? तेही कॅचर आहेत का?

एका अर्थी होय. जेम्स कॅसल पडला तेव्हा त्याच्याजवळ जायला कुणी धजत नव्हतं. एल्कटन हिल्समध्ये होल्डनला इंग्रजी शिकवणाऱ्या अँटोलिनी सरांनी नाडी पाहिली, अंगातला कोट काढून त्याच्यावर घातला आणि त्याला उचलून दवाखान्यापर्यंत नेलं. कोट रक्ताने भरला, त्याची त्यांनी पर्वा केली नाही. पण मूल खाली पडून गेल्यावर ते पोचले.

फीबीशी बोलणं होतं त्याच रात्री होल्डन त्यांच्याकडे जातो आणि पडण्याबद्दल कादंबरीत सगळ्यात स्पष्ट बोलतात तेही सरच : तू एका भयंकर पडण्याच्या वाटेवर आहेस, असा माणूस तळ लागल्याचंही न कळता पडतच राहतो. ते त्याला विल्हेल्म श्टेकेल या मनोविश्लेषकाच्या नावाने एक विचार कागदावर लिहून देतात. कच्च्या मनाच्या माणसाला एखाद्या ध्येयासाठी उदात्तपणे मरायचं असतं, पिकलेल्या मनाच्या माणसाला त्यासाठी साधेपणाने जगायचं असतं. कड्यावर एकट्याने उभं राहण्याच्या स्वप्नाला दिलेलं हे थेट उत्तर आहे. दुर्दैव असं की त्याच रात्री होल्डनला जाग येते तेव्हा सर त्याच्या डोक्यावरून हात फिरवत असतात. तो घाबरून पळ काढतो. सरांचा हेतू काय होता यावर वाचकांत आजही एकमत नाही आणि लेखकानेही ते ठरवून दिलेलं नाही.

मेरी-गो-राउंडचा प्रसंग शीर्षकाशी कसा जोडायचा?

होल्डनने पश्चिमेकडे पळून जायचं ठरवलं आहे. फीबी सुटकेस ओढत येते, मीही येणार म्हणते. तो नाही म्हणतो, ती रुसते, तो तिला सेंट्रल पार्कमध्ये नेतो. ती घोड्यावर बसते, तो बाकावर.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक गोष्ट सांगावी लागते. त्या काळी अमेरिकेतल्या अशा पाळण्यांवर बाजूला एक कडी टांगलेली असायची. फिरता फिरता झुकून ती ओढायची आणि सोनेरी कडी हाती लागली तर एक फेरी फुकट. झुकताना पडण्याची भीती असायचीच. फीबी आणि बाकीची मुलं त्या कडीसाठी हात लांबवतात. ती पडेल अशी भीती होल्डनला वाटते, पण तो काही बोलत नाही, काही करत नाही. मुलांना कडी धरायची असेल तर धरू द्यावी, पडली तर पडली, त्यांना काही बोलणं वाईट, असं तो म्हणतो.

शीर्षकाला कादंबरीने दिलेलं उत्तर हे. आदल्या रात्री ज्याला प्रत्येक मूल धरायचं होतं तो आज हात मागे घेतो, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या बाबतीत. मघाचा रस्त्याच्या कडेने गाणं म्हणत जाणारा मुलगा आठवा. तिथेही तो नुसता बघत होता, पण कळत नकळत. इथे त्याने तसं ठरवलं आहे. पाऊस येतो, बाकीचे आडोशाला पळतात, हा भिजत बसून राहतो आणि आनंदाने त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी राहतं.

काही वाचक याला पराभव म्हणतात, स्वप्न सोडलं म्हणतात. मला ते पटत नाही. पडण्याची भीती गेलेली नाही, ती घेऊनच तो बाकावर बसला आहे. शिवाय पळून जाण्याचा बेत मोडला तो फीबीमुळे. पाऊस जोरात कोसळायच्या थोडं आधी तिनेच त्याची लाल शिकारी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवलेली असते. कादंबरीत कुणी कुणाला धरलं असेल तर ते तिने त्याला.

पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर लाल घोडा का आहे?

तो त्याच मेरी-गो-राउंडचा घोडा. सॅलिंजर यांचे मित्र ई. मायकेल मिचेल यांनी तो काढला. शीर्षक २२व्या प्रकरणाचं आणि चित्र २५व्या प्रकरणाचं, असा तो मेळ आहे.

लेखकाच्या युद्धातल्या अनुभवाशी शीर्षक जोडता येतं का?

जोडलं जातं. सॅलिंजर ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन सैन्यात होते, आणि कादंबरीतला होल्डनचा थोरला भाऊ डी. बी. हाही त्याच दिवशी तिथे उतरलेला दाखवला आहे. कोवळी पोरं डोळ्यांदेखत मरताना पाहिलेल्या माणसाने हे चित्र लिहिलं, हे मनात ठेवून वाचणं योग्यच. पण पुस्तकात होल्डन जे सांगतो त्याचा उलगडा पुस्तकातल्या दोन मृत्यूंनी होतो, त्यासाठी लेखकाचं चरित्र लागत नाही.

जॉन लेनन यांच्या खुन्याने या शीर्षकाचा काय अर्थ लावला?

बीटल्सचे गायक लेनन यांचा ८ डिसेंबर १९८० रोजी खून केल्यावर मार्क चॅपमन हीच कादंबरी वाचत बसलेला सापडला. शिक्षेच्या सुनावणीत त्याने शेताचा तो उतारा वाचून दाखवला. आपण कॅचर आहोत अशी त्याची समजूत होती. २२व्या प्रकरणावर थांबलं आणि २५वं गाळलं तर हे पुस्तक उरतच नाही, एवढंच इथे सांगतो. त्या खुनावरून पुस्तकाला जोखणं अन्यायाचं आहे.

'कोसला'शी या शीर्षकाची तुलना करता येईल का?

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची. दोन्ही कादंबऱ्यांची तुलना मराठीत पुष्कळ झाली आहे : प्रथमपुरुषी निवेदन, शिक्षणसंस्थेशी न जमणं, बोलण्याची स्वतःची लकब. शीर्षकांच्या अंगाने फारसं कुणी बघत नाही, आणि तिथे दोघांचे रस्ते वेगळे होतात. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोष. पांडुरंग सांगवीकर सांगवीहून पुण्याला जातो, परत सांगवीला येतो आणि त्या वर्षांचा हिशेब मांडत आत आत जातो. त्याला कुणाला धरायचं नाही. होल्डनच्या शीर्षकात दुसरी माणसं लागतात, हजारो मुलं लागतात.

सारखेपणा आहे तो धाकट्या भावंडाच्या मृत्यूत. इथे ॲली, तिथे मनी. मनीच्या मृत्यूची पानं वाचताना पांडुरंगाचा कोष कशाने घट्ट झाला ते कळतं, तसं ॲली समजल्यावर होल्डनचा कडा कळतो. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचावीत, आणि 'कोसला' आधी वाचलेली असली तर फारच चांगलं.

परीक्षेत शीर्षकाच्या समर्पकतेवर प्रश्न आला तर काय लिहावं?

२२व्या प्रकरणातल्या शेताने सुरुवात करा, पण तिथेच घुटमळू नका. गाण्यातली चूक आणि ती सुधारणारी फीबी, हा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात घ्या. जेम्स कॅसलचा प्रसंग नावासकट द्या, तो बहुतेक उत्तरपत्रिकांत नसतो. नंतर २५व्या प्रकरणातले तीन प्रसंग त्याच क्रमाने मांडा : आधी फिफ्थ ॲव्हेन्यूवर ॲलीला मारलेली हाक, मग पुसली न जाणारी शिवी, मग सोनेरी कडी. 'निरागसतेचा ऱ्हास' हा शब्दप्रयोग एकदाच वापरा आणि लगेच त्याला पुस्तकातलं उदाहरण जोडा. वेळ उरला तर पहिल्या प्रकरणाचा उल्लेख करा. तिथे होल्डन टेकडीवर तोफेजवळ एकटाच उभा राहून खाली मैदानात चाललेला सामना बघत असतो. कडेला उभं राहून खेळणाऱ्यांकडे बघणारा मुलगा शीर्षक येण्याच्या एकवीस प्रकरणं आधीच तिथे आहे, हे दाखवून दिलंत तर पुस्तक खरोखर वाचलं आहे हे तपासणाऱ्याला दिसेल.